कोरपन्याच्या उन्हात हस्की

कोरपन्यात माझं कूलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. वडील गेल्यानंतर घरात अम्मी, माझी बायको आणि मी, एवढीच माणसं. जवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतली एसी दुरुस्तीची कामं माझ्याकडे असायची. तिथल्या एका इंजिनिअर साहेबांच्या बंगल्यात मला महिन्यातून दोनदा तरी जावं लागे, कारण त्यांच्या मागच्या खोलीतला एसी कधी बंदच होत नसे. त्या खोलीत त्यांची सायबेरियन हस्की राहायची.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती वर्षाची होती. अंगावर पांढरे-राखाडी दाट केस, एक डोळा निळा आणि एक तपकिरी. मी स्टुलावर चढून मशीन उघडलं की ती खाली माझ्या हत्यारांच्या पेटीवर हनुवटी ठेवून बसायची. भुंकायची नाही. कारखान्याचा भोंगा झाला की मात्र मान वर करून लांबलचक सूर लावायची, आणि साहेबांची मुलगी हसत सुटायची.

मग एका हिवाळ्याच्या अखेरीस साहेबांची दूर दक्षिणेत बदली झाली. नव्या ठिकाणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालणार नव्हतं. साहेबांनी मला बोलावून हिंदीत सांगितलं, "दोन महिने तू ठेव. मोठं घर मिळालं की घेऊन जाईन. गारव्याचं काम तुझ्याइतकं इथे कोणाला कळतं?"

मी लगेच हो म्हणालो. त्यात दया किती होती आणि हौस किती, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. हौस जास्त होती. साऱ्या तालुक्यात असं कुत्रं कुणाकडे नव्हतं. आणि साहेबांचं ते शेवटचं वाक्य मला गोड लागलं होतं.

अम्मीने तिला बघितलं आणि दारातच हात आडवा केला. "जिथं मी नमाज पढतो तिथं कुत्रं नाई येणार. तुले ठेवाचं हाय तं दुकानात ठेव." दुकान आणि घर यांच्यामध्ये एक उंबरठा होता. तिच्या जागेचा प्रश्न त्या उंबरठ्यावर मिटला. साहेबांच्या मुलीने ठेवलेलं इंग्रजी नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून अम्मी तिला मेहमान म्हणायला लागली. ते थोडं रागाने होतं, पण पुढे तेच नाव पडलं.

पहिला महिना चांगला गेला. पहाटे फटफटायच्या सुमाराला मी तिची दोरी सायकलच्या हँडलला बांधायचो आणि ती मला ओढत न्यायची. मला पायडल मारावंच लागायचं नाही. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं आणि त्यांतल्या वाळक्या, उभ्या पऱ्हाट्या, समोर तिचे ताठ कान. असलं सुख मी त्याआधी अनुभवलं नव्हतं आणि तिनेही नसावं, कारण बंगल्यात तिला कुणी पळवत नसे. एकदा बैलबंडी घेऊन निघालेल्या एका शेतकऱ्याने बैल थांबवले.

"भाऊ, हे लांडगं व्हय का?"

"नाई, कुत्रं हाय. रशियाकडचं, बर्फातलं."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "मंग इथी काऊन आणलं?"

मी हसलो आणि पुढे निघालो.

मार्चमध्ये तिचे केस गळू लागले. आतली मऊ लव मुठीमुठीने निघायची. दुकानातल्या मोटारींत, डब्यात, माझ्या चहात केस. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, एवढं घोंगडं पांघरून उन्हाळा कसा काढणार ती, भादरून टाका. मलाही पटलं. मेंढ्या कातरणाऱ्या एका ओळखीच्या धनगराला बोलावलं. त्याने तासाभरात तिचे सगळे केस उतरवले. ती अजिबात हलली नाही. केसांखाली ती एवढीशी निघाली की बायको म्हणाली, "अगा माय, ही तं अर्धीबी नाई."

पंधरा दिवसांत तिच्या पाठीची कातडी लाल झाली, मग फोड आले. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बैल, म्हशी, शेळ्या बघणारे. ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, "असं कुत्रं मी पुस्तकात पाह्यलं फक्त. नागपूरले विचारून सांगतो." दोन दिवसांनी ते स्वतः दुकानात आले.

"केस कापाले नोको होते. त्या केसांनी ऊन बाहेरच राह्यते. आता येतीन, पण हा उन्हाळा तं गेला."

फ्रिजच्या भिंतीत बाहेरची गरमी आत शिरू नये म्हणून काचेची लोकर भरतात. ती मी स्वतः शेकडो वेळा भरली होती. मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणालाही नसतं कळलं तरी चाललं असतं.

एप्रिलच्या मध्यापासून लोडशेडिंग वाढलं. कॉलनीत कारखान्याची स्वतःची वीज होती, तिथे दिवा कधी लुकलुकतही नसे. गावात मात्र दुपारची वीज जायची ती चार-पाच तास यायची नाही, आणि आली तरी व्होल्टेज इतकं कमी की मी तिच्यासाठी जुन्या सामानातून जुळवलेला एसी नुसता घुंई करायचा आणि बंद पडायचा. कूलरचा पंखा कसाबसा फिरायचा. वीज नसली की तोही नाही. मी दुकानाच्या कोपऱ्यातली फरशी उखडून हातभर खड्डा केला, त्यात ओली वाळू भरली, वर ओलं पोतं. ती त्यात पोट टेकून पडून राहायची. बर्फाची लादी आणून ठेवली की ती चाटायची, तिच्यावर मान टाकायची. तासाभरात लादीचं पाणी व्हायचं.

मी साहेबांना फोन लावला. दोन महिने होऊन गेले होते. ते म्हणाले, "घर अजून नाही मिळालं. तू एखाद्या चांगल्या माणसाला देऊन टाक ना." चांगला माणूस मी शोधला. कॉलनीत विचारलं, तिथे कुणी तयार होईना. माझ्या बायकोचा भाऊ कुरखेड्याला राहायचा, जंगलाला लागून, मोठ्या झाडांच्या सावलीत घर. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, इथी बिबट कुत्रेच उचलते. माये दोन नेले. हे पांढरं तं त्याले दुरूनच दिसन." त्याचं खोटं नव्हतं. थंड हवेच्या गावात आमचं कुणी नव्हतं. गाडीने न्यायचं म्हटलं तरी वाटेत तापलेला दिवस होताच.

मे लागला तेव्हा तिने पळणं सोडलं होतं. पहाटे दोरी दाखवली तर उठायची, दारापर्यंत यायची आणि परत जाऊन वाळूत बसायची. भोंगा झाला तरी सूर लावायची नाही. मी एकदा दुपारी जेवायला आत गेलो आणि परत आलो तर अम्मी उंबरठ्यापलीकडे, दुकानात, पोत्यावर तांब्याने पाणी टाकत होती. मला बघून म्हणाली, "जनावर हाय. माया घरात तहानेनं मेलं तं जाब मलेच द्या लागन." मग आत जाऊन तिने हात धुतले. त्यानंतर ती रोजच पाणी टाकायची आणि रोज हात धुवायची.

तो दिवस आला तेव्हा मी कॉलनीत होतो. एका बंगल्यातल्या हॉलचा एसी बसवत होतो. बायकोने एसटीडी बूथवरून गेटवर फोन केला, आणि तिथला चौकीदार मला शोधत आला. म्हणाला, "घरी जा, तुमचं कुत्रं पडलं." मी मोटरसायकल काढली. रस्त्यावर डांबर चिकट झालं होतं.

दुकानातला खड्डा रिकामा होता. अम्मी आणि बायकोने तिला उचलून घरात, मोरीत नेलं होतं. अम्मी ओल्या फरशीवर बसली होती, हस्कीचं डोकं तिच्या मांडीवर. नमाजाआधीच्या वजूसाठी भरून ठेवलेलं माठातलं पाणी ती ओंजळीने तिच्या पोटावर ओतत होती. हस्कीची जीभ जांभळी पडली होती, पाय वल्ह्यासारखे हलत होते, निळा डोळा उघडा होता पण त्यात काही नव्हतं.

"सकाळी खाल्लं तिनं," अम्मी म्हणाली. "थोडं दूध पेलं."

डॉक्टर आले. थर्मामीटरचा पारा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला होता. त्यांनी सलाईन लावलं, मी बर्फ फोडून कपड्यात बांधला, बायको पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. संध्याकाळी ताप उतरला. ती जगली, आणि आम्हाला वाटलं की झालं, आता वाचली.

ती उठली नाही. मागचे पाय गेले होते. मी समोर बसलो तर ती माझ्या आरपार बघायची. कुठल्याच हाकेला कान हलवायची नाही. लघवी आधी तांबडी झाली, मग होईनाशी झाली. डॉक्टर रोज येत आणि रोज थोडं कमी बोलत. आठव्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात गाठलं.

"आता काही होणार हाय का?"

"नाई."

"मंग इंजेक्शन द्या."

ते म्हणाले, "घरच्यांले विचारून घे." मी विचारलं. बायको आत गेली. अम्मी म्हणाली, "जीव घेणं आपलं काम नाई." थोड्या वेळाने म्हणाली, "पण हे बी पाहवत नाई. तू ठरव."

मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. अम्मी मोरीच्या दारात उभी राहिली. "डॉक्टरसाहेब, तिले दुखन का?"

"नाई दुखत अम्मा. झोपन ती."

मी तिचा पुढचा पाय धरला. पाठीवर नवे केस आले होते, बोटाच्या पेराएवढे. डॉक्टरांनी सुई काढली तेव्हा ती गेलेली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं.

एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जागा दिली. काळी जमीन भेगाळून दगडासारखी झाली होती. मी आणि बायकोने आळीपाळीने सब्बल मारली. खड्डा हवा तितका खोल झालाच नाही.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मुलीला सांगू नकोस, कधी फोन आला तर. तिला वाटतं ती तिथे मजेत आहे." तिचा फोन कधी आला नाही.

चार-पाच वर्षांनी चंद्रपुरातल्या एका ठेकेदाराने मला एसी बसवायला बोलावलं. गच्चीवर खोली होती, तिला एक जाळीचं आणि एक लाकडी दार, आणि आत हस्कीचं पिल्लू. त्या वेळेपर्यंत अशी कुत्री शहरात दोन-चार ठिकाणी दिसू लागली होती. मी ठेकेदाराला म्हणालो, "भाऊ, हे परत करा. इथी नाई जगत हे."

"एसी लावून राह्यलो ना त्याच्यासाठी."

"वीज जाते."

"जनरेटर हाय," तो म्हणाला. "तुमी दोन टनाचा बसवा."

पिल्लू जाळीतून माझी बोटं चाटत होतं. मी ठेकेदाराला सांगितलं की केस कापू नका, काहीही झालं तरी कापू नका. त्याने मान हलवली. मी मशीन बसवलं, गॅस तपासला, चालू करून दाखवलं आणि खाली उतरलो. पुढच्या उन्हाळ्यात त्या मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही.