भूगोलाच्या बाई वाघ बघायला निघाल्या

वाघ बघायला कधी आणि कुठं जायचं, हे ठरवायला आमच्या घराला पाच महिने लागले. त्याची वाट लावायला मला एक मिनिट पुरलं.

सुरुवात खरं तर वाघानंच केली. विदर्भातला एक वाघ शेकडो किलोमीटर तुडवत आमच्या धाराशिव जिल्ह्यात आला आणि येडशीच्या रामलिंग अभयारण्यात राहायला लागला. आमच्याकडं इतक्या लांबून आपणहून राहायला कुणी येत नाही. (बदली होऊन आलेले साहेबसुद्धा दुसऱ्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागतात!) त्यामुळं आमच्या लोहाऱ्यात जीपच्या अड्ड्यापासून तहसीलच्या पायऱ्यांपर्यंत दुसरा विषय नव्हता. आणि एका सकाळी आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चहाची बशी खाली ठेवून जाहीर केलं, “मला वाघ बघायचाय. चित्रातला लई झाला. जित्ता बघायचाय.”

आत्या त्र्याहत्तर वर्षांच्या. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. (माझ्या आमटीत सुधारणा मागितली होती, पण ती सगळ्यांसाठी होती.) त्यामुळं वाघ दाखवायचाच, हे पक्कं झालं.

“मग येडशीलाच जाऊ की,” आमचे हे म्हणाले. ह्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, आणि दुकान बंद राहणार नाही असा प्रवास ह्यांना फार आवडतो. “सकाळी जायचं, जेवायला घरी!”

“तिथं त्यो कुणाला दिसतोय व्हय?” आत्या म्हणाल्या. “जंगलखात्याच्या लोकान्ला घावंना, आन् तुला घावणार? आन् समज घावला, तर तिथं आपुन पायी. म्या त्याला बघायचंय. त्यानं मला न्हाय!”

अशा वेळी घरात एक जाणकार माणूस लागतो. दुर्दैवानं ती मी होते. मी शाळेत एकोणीस वर्षं भूगोल शिकवते. मी शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा घरी आणला, भिंतीवर टांगला आणि हातात पट्टी घेऊन सगळ्यांना सतरंजीवर बसवलं.

“हे ताडोबा. इथं उघड्या जिप्सीतून नेतात. आता प्रश्न, कधी?”

“थंडीत,” आमची गौरी म्हणाली. ती अकरावीत आहे आणि मोबाईलमधून मान वर न काढता बोलते.

“थंडीत हरभऱ्याची गर्दी असती दुकानात,” हे म्हणाले.

“मग फेब्रुवारी?”

“हरभऱ्याला घाटेअळी.”

“पावसाळ्यानंतर?”

“सोयाबीनला पिवळा रोग.”

ह्यांच्या हिशेबानं मराठवाड्यातला शेतकरी बारा महिने काहीतरी पेरत असतो, नाहीतर पेरलेल्याला काहीतरी झालेलं असतं. सगळे महिने खोडून झाले तेव्हा नुसता मे उरला. मी लगेच पट्टी आपटली. “मेच बरोबर! उन्हाळ्यात पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतोच!”

“आन् आपुन?” आत्यांनी विचारलं. “आपुन बी आटू की चंद्रपूरच्या उन्हात.”

पण मी ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. जंगलाजवळचं लॉज मी बुक केलं मोहर्लीला. मग सफारीचं तिकीट काढायला बसले, तर मोहर्लीचं गेट फुल्ल! खाली दुसऱ्या गेटांची यादी होती. त्यातलं कोलारा मोकळं दिसलं. मी म्हटलं, गेट म्हणजे काय? पुढचं दार नाही तर मागचं दार! आत शिरल्याशी मतलब. दाबलं बटण. घरात कुणाला सांगितलंही नाही, कारण इतकी बारीकसारीक माहिती सामान्य माणसाला कळत नाही.

त्या दिवसापासून आत्यांनी भजनी मंडळात तारीखवार सांगून ठेवलं. बायका रोज विचारायच्या, “कवा हाय वाघ?” जणू वाघाकडं बारसं होतं.

निघायच्या दिवशी मी सगळ्यांचे कपडे तपासले. जंगलात भडक रंग चालत नाहीत. आत्या गर्द हिरवं इरकल नेसल्या होत्या. उत्तम. ह्यांनी औषध कंपनीनं फुकट दिलेला टी-शर्ट घातला होता. रंग हिरवाच होता, पण छातीवर वीतभर लांबीची लाल अळी!

“हे काय?”

“वाघ अळी खात न्हाय,” हे शांतपणे म्हणाले आणि गाडीत बसले.

लातूर, नांदेड, यवतमाळ असा दिवसभराचा प्रवास झाला. गाडीच्या एसीतून बाहेरच्यापेक्षा गरम वारा येत होता. आत्यांनी धपाट्यांचा एवढा मोठा डबा घेतला होता, की वाघ जेवायला थांबला असता तरी कमी पडलं नसतं. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून आम्ही दुपारच्या सफारीसाठी मोहर्लीच्या गेटवर हजर झालो. ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावून मी मराठीतले बरेच शब्द विसरले.

खिडकीतल्या माणसानं तिकीट बघितलं. मग मला बघितलं. मग परत तिकीट.

“मॅडम, हे कोलाऱ्याचं आहे जी.”

“हो. पण आत तर एकच जंगल ना?”

“जंगल एकच आहे जी. गेट दुसरं आहे. तिथली जिप्सी तिथं उभी राहते.”

“मग जातो की तिथं. मागच्या बाजूलाच असेल!”

“मागच्याच बाजूला आहे. रस्त्यानं दोन-अडीच तास. गेट तोवर बंद होते.”

“आणि मधून?”

“मधून जवळ पडते,” तो फार सहानुभूतीनं म्हणाला, “पण मधून फक्त वाघालाच जाता येते जी.”

माझ्या मागं ह्यांचा श्वास ऐकू येत होता. हे चिडले असते तर बरं झालं असतं. हे हसायला लागले.

“कुठून आले तुम्ही?” त्या माणसानं विचारलं.

“धाराशिव जिल्हा.”

“अरे! इकडचा एक वाघ तुमच्याकडं गेला म्हणते ना?”

“गेला की!” हे म्हणाले. “बरोब्बर पोचला. त्याच्यासंगं भूगोलाच्या बाई नव्हत्या!”

मी रडायच्या बेतात होते. तिकडं आत्या गेटजवळच्या बाकावर बसून समोरच्या फलकावर रंगवलेल्या वाघाकडं बघत होत्या. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी नुसतं म्हटलं, “ह्यो बी चित्रातलाच.” त्यापेक्षा त्यांनी मला चारचौघांत झापलं असतं तर मी आनंदानं ऐकून घेतलं असतं!

शेवटी ठरलं की चंद्रपूरवरून वळसा घालून कोलाऱ्याला जायचं, तिथं राहायचं आणि सकाळी एखादी जिप्सी मिळते का बघायचं. हे गाडी चालवत होते, गौरी त्यांच्या शेजारी, आत्या आणि मी मागं. झालेली चूक भरून काढायची म्हणून रस्ता दाखवायचं काम मी मागून घेतलं. मोबाईलला रेंज नव्हती. दोन्ही बाजूंनी वाळलेला बांबू. मी मोबाईल कधी खिडकीकडं, कधी टपाकडं धरत होते आणि सूचना देत होते.

“अहो, पुढं डावीकडं वळायचं असेल बहुतेक... थांबा, गोल फिरतंय... हां, डावीकडं!”

गाडी थांबली.

“थांबलात कशाला? डावीकडं रस्ता दिसत नाही का?”

“शैला,” आत्या कुजबुजल्या, “गप.”

“आत्या, एक मिनिट, रेंज येतीय! अहो, मी काय सांगते, डावीकडं काहीच नाहीये, नुसतं जंगल दाखवतंय! म्हणजे आपण सरळच जायचं! घाबरू नका, मी आहे ना!”

आत्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी ओरडून मान वर केली. समोरचा रस्ता रिकामा. उजवीकडं बांबू थोडा हलत होता.

“काय झालं?”

“वाघ,” हे म्हणाले. त्यांचा आवाज मी लग्नातही इतका गंभीर ऐकला नव्हता. “गाडीम्होरून गेला. सावकाश.”

“कुठंय? कुठं?”

“तू वरडलीस की,” आत्या म्हणाल्या. “मग पळाला.”

त्यांचे डोळे भरले होते. लहान पोरीसारख्या त्या सांगत सुटल्या, “केवढं डोस्कं गं! आन् चाल कशी, घाईच न्हाय! माझ्याकडं बघितलं त्यानं, सरळ. पर म्या भ्याले न्हाय हां!” मी त्यांचा हात धरला. मनापासून आनंद झाला मला. आणि मनापासून हेवाही वाटला!

“चला आता कोलाऱ्याला,” मी म्हटलं. “सकाळी परत बघू.”

“परत कशाला?” आत्यांनी डोळे पुसले. “बघितला की. सारखं सारखं जाऊन कुणाला तरास द्यायचा? त्याला बी कामं असत्यात. घराकडं चला.”

मी बरंच समजावलं. जिप्सी, पाणवठा, पहाटेची वेळ. तीन विरुद्ध एक अशा मतांनी मी पडले.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण गौरी अकरावीत असली तरी तिचा मोबाईल फार पुढं गेलेला आहे. तिनं सगळं टिपलं होतं. डावीकडच्या बांबूतून वाघ राजासारखा बाहेर येतो, थांबतो, गाडीकडं बघतो, आणि मागं माझा खणखणीत आवाज, “डावीकडं काहीच नाहीये!” आम्ही नांदेडला पोचेस्तोवर ते लोहाऱ्यातल्या घराघरांत पोचलं होतं. भजनी मंडळात आत्यांनी ते एवढ्या वेळा दाखवलं, की बायका आता आरतीनंतर आपणहून मागतात.

जूनमध्ये शाळा उघडली. मी नववीच्या वर्गात गेले, फळ्यावर ‘भारतातील वन्यजीव’ असं लिहिलं आणि शक्य तितक्या करड्या आवाजात विचारलं, “सांगा, वाघ कुठं आढळतो?”

मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली, हाताची घडी घातली आणि नम्रपणे म्हणाली,

“बाईंच्या डावीकडं!”

मी तिला पूर्ण गुण दिले.