घट्ट हाताचं टोपडं

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दोरीवर वाळत घातलेला असा एक परकर नसेल, ज्याची किनार माझ्या मोठ्या जावेच्या आत्याने उलटीसुलटी करून पाहिली नाही. मुरबाडहून एस.टी.त बसायचं आणि लेस धुंडाळायची हा तिचा उद्योग. खिडकीची जागा मिळाली नाही तर ती पुढची गाडी धरायची. तिला डोंगर बघायचे नसत, लोकांची अंगणं बघायची असत. कुठे परकराला क्रोशाची लेस दिसली की उभी राहून कंडक्टरला म्हणायची, "थांबव रे दादा, माझं माणूस आलं." मग मागे चालत येऊन त्या अनोळखी घराच्या ओट्यावर बसायची आणि विचारायची, "ही लेस कोणाची गो?" एकदा किन्हवलीजवळ घरातल्या म्हाताऱ्याने तिला कपडेचोर समजून काठी उगारली. आत्या शांतपणे म्हणाली, "बाबा, परकर राहू दे, फक्त करणारीला बाहेर पाठव." संध्याकाळी ती निघाली ती सुनेकडून एक नवा नमुना आणि म्हाताऱ्याकडून दोन पडवळं घेऊन.

नमुन्यांसाठी तिच्याकडे जुन्या लुगड्याचा एक लांब पट्टा होता. भेटेल त्या बाईच्या हातची वीतभर लेस त्यावर टाचायची आणि पट्टा गुंडाळून पिशवीत टाकायची. नाव एकीचंही लिहिलेलं नव्हतं. "अक्षर वळखता येतं ना, तसा हातपण येतो," असं तिचं म्हणणं. "ही धसईची बाई बघ. इथवर बरी होती, इथे नवऱ्याशी वाजलं." आणि खरोखर तिथून पुढचे खांब, म्हणजे लेसचे उभे टाके, वेडेवाकडे असत. हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेला सगळं गाव बैल बघायला लोटायचं तेव्हा या बायका घोंगड्यांच्या पालामागे जमायच्या. आठ-दहा जणी मांडीवर पट्टा पसरून बैलाचे दात तपासावेत तसे एकमेकींचे टाके तपासायच्या.

आता माझं पाप सांगते. माझ्या रुखवतात लेसचा एक गोल रुमाल मांडला होता आणि त्यावर आईने चिठ्ठी लावली होती, 'वधूची हस्तकला'. वधूला तेव्हा सुईत दोरा ओवता येत होता, तोही उजेड चांगला असला तर. रुमाल आमच्या शेजारच्या नर्सबाईंचा. वधू मात्र स्वतःच विणल्यासारखी मान वेळावून बसली होती. आत्या रुखवतावर वाकली, मग माझ्या कानाशी वाकली. "हा हात तुझा नाय. ही बाई दोरा सैल सोडते. तू तर अक्षतापण मूठ आवळून धरल्यास." एवढं बोलून ती जेवायला गेली.

सासरी, सापगावला, सासूबाईंनी धाकट्या सुनेच्या कलेचा डंका पिटला. वर्षभरात नणंदेचं लग्न ठरलं आणि फर्मान निघालं, हिच्याही रुखवतात तसाच रुमाल हवा, वहिनीच्या हातचा. आता चिठ्ठी खोटी निघाली तर माझ्याबरोबर माझ्या आईचीही मान खाली जाणार होती. मी मुरबाड गाठलं आणि आत्याला म्हटलं, तूच विणून दे.

"माझा हात तुझ्या नावावर नाय मांडायचा," आत्या म्हणाली. "आमच्यात चालत नाय ते. शिकायचं तर बस."

बसले. आत्या शिकवायची म्हणजे एकदा साखळी घालून दाखवायची आणि मग माझ्या नवऱ्याबद्दल इथे लिहिता येणार नाहीत असे प्रश्न विचारायची. बाई हसली की तिचा हात सैल सुटतो असा तिचा सिद्धान्त. मी लाजायचे आणि आणखी आवळायचे. पाचव्या फेरीला रुमाल पसरायचं सोडून वर उठला. आठव्या फेरीला वाटी झाली, बाराव्या फेरीला टोपी. लग्न चार दिवसांवर आलं होतं. मी रडत उसवायला लागले तर आत्याने हात धरला. टोपी स्वतःच्या मुठीवर चढवून तिने ती फिरवून फिरवून पाहिली. "रुमाल नाय झाला. पण टोपडं बेस झालंय. बंद लाव याला."

नणंदेच्या रुखवतात चिवड्याच्या डब्याशेजारी ते टोपडं बसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, नणंद लाल झाली. सासूबाईंनी टोपडं उचललं, आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं.

"तुझा तो रुमाल नर्सबाईंनी मांडवातच घडी करून पिशवीत घातला होता," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत. हे मात्र तुझंच दिसतंय." आणि टोपडं जिथे सगळ्यांना दिसेल अशा जागी पुढे सरकवलं. नणंदेची तिन्ही बाळं तेच घालून फिरली.

आत्याने मात्र मला पट्ट्यावर घेतलं नाही. "सपाट बसेल असं आण, मग टाचते." दर जत्रेला मी वीतभर विणून न्यायचे, ती तळहातावर ठेवायची, लेस वर उठायची आणि आत्या मला भजी खायला घालून परत पाठवायची.

आता माझ्या नातीच्या फोनवर कुठल्या कुठल्या मुलखातल्या लेस विणणाऱ्या बायका रोज भेटतात, कुणाला एस.टी. थांबवावी लागत नाही. आत्याला आता डोळ्यांनी दिसत नाही. गेल्या महिन्यात मी जीपने मुरबाडला गेले आणि तिच्या हातात एक लेस ठेवली. म्हटलं, नातीने केलीय.

आत्याने बोटं फिरवली. "नातीची नाय. अजून घट्ट वढतेस गो." मग उशाखालून पट्टा काढला. शेवटी वीतभरच जागा उरली होती. "टाच इथे."

"सपाट बसत नाही, आत्या."

"म्हायत हाय. टाच."

मी टाचलं. लेस मधोमध उठलीच. आत्याने त्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि दाराकडे तोंड केलं. "बाहेर दोरीवर काय वाळतंय?"

शेजारणीच्या दोन लेगिंग होत्या आणि एक टी-शर्ट. मी म्हटलं, "परकर आहे. अननसाच्या नमुन्याची लेस लावलेला."

आत्या हसली. "खोटं तर खोटं. पण खांब मोजून सांग."

मी मोजायला लागले.