माझ्याच शेकोटीची गार बाजू

मी विज्ञानाचा शिक्षक. शिरूर अनंतपाळला एका शाळेत आठवी ते दहावीला शिकवतो. कुणाच्या अंगात आलं की मी आधी म्हणतो, त्याला पाणी पाजा आणि सावलीत बसवा. त्यामुळे वाचकांच्या अजब अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांत आपलं नाव येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण मागच्या हिवाळ्यात जे झालं ते मी थर्मामीटर लावून मोजलं आहे... म्हणून लिहितो.

आधी घरची माहिती. आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो, दादा सातवीत. नंतर नव्या गावाची घरं बांधायला घेतली तेव्हा दादा शाळा सोडून तिथं बिगारी म्हणून लागला आणि पुढे गवंडी झाला. त्याच्या कमाईवर माझं बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे उपकार मी विसरलेलो नाही. तरीही खरं सांगायचं तर मला दादाचा हेवा वाटतो — आबांमुळे.

आबा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यापासून ते गावी दादाकडे राहतात. मी शिरूरला घर बांधलं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खोली काढली, गीझर लावला. पण माझ्याकडे आले की दोन दिवसांत त्यांची पिशवी भरून तयार. भूकंपापासून त्यांना भिंतींच्या आत फार वेळ करमत नाही. दादाच्या अंगणात तीन दगडांची शेकोटी असते, तिथं ते थंडीभर बसतात. मी फोन केला की मागून ऐकू येतं — दादा काहीतरी सांगतोय आणि आबा खोकला येईपर्यंत हसतायत. माझ्याशी बोलताना मात्र "हाव सर, बरं सर". थट्टेनंच म्हणतात, पण म्हणतात.

म्हणून मी ठरवलं, आपल्याही परसात शेकोटी करायची. दगडांची नाही, चांगली विटांची, गोल. मोबाईलवर व्हिडिओ बघितले. कंपाउंडच्या उरलेल्या विटा होत्याच. खुंटी ठोकून दोरीनं गोल आखला, वीतभर खोदलं, तळाला खडी पसरली आणि सिमेंटमध्ये चार थर रचले. तीन रविवार गेले. बोटांची सालपटं निघाली.

"दादांना एक फोन केला असता तर दुपारपर्यंत झालं असतं," माझी बायको सुनीता म्हणाली.

"मला येतंय."

"येतंय की! म्हणून तर तीन आठवडे मी तुमची पाठ चोळतेय."

मग मी गाडी घेऊन जाऊन आबांना आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीच्या काड्या आणि बाभळीची लाकडं पेटवली. आबा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, तळवे पुढे धरले आणि म्हणाले, "बेस केलास की रं! लई बेस ऊब हाय."

मी समोर बसलो होतो. जाळ वीतभर उंच, उजेड तोंडावर, लाकडं तडतडतायत... आणि माझ्या हातांना काहीच लागत नव्हतं. विस्तवाच्या फोटोपुढे हात धरावेत तसं. वाटलं, ताप असेल. सुनीता चहा घेऊन माझ्या शेजारी आली आणि लगेच मागे सरली — "अगं बाई, केवढा चटका!" मी जागा बदलली. आबांच्या बाजूला बसलो, वाऱ्याच्या विरुद्ध बसलो. तिकडेही गारच.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर आणले. आबांच्या स्टुलाला एक बांधला, माझ्या स्टुलाला एक. दोन्ही स्टुलं जाळापासून सारख्याच अंतरावर. दहा मिनिटांनी आबांकडे चौतीस, माझ्याकडे पंधरा. थर्मामीटर खराब असतील म्हणून त्यांची अदलाबदल केली. आकडे तेच. मग आबांना उठवून मी त्यांच्या स्टुलावर बसलो... आणि माझ्या डोळ्यांदेखत पारा उतरत पंधरावर आला.

"बापाला राहायला आणलंय का प्रॅक्टिकलला?" सुनीता म्हणाली. मी तिला आकडे दाखवले. तिनं माझा तळहात धरून बघितला आणि आतून शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली.

या वेळी आठ दिवस झाले तरी आबांनी पिशवी भरली नाही. मी जिंकलोच होतो म्हणा. पण माझ्या शेकोटीपाशी बसून आबा बोलत कुणाबद्दल? दादाबद्दल. त्यानं कुणाचा जिना बांधला, तो बटाटे कसे भाजतो. शेवटी त्यांनीच माझ्या फोनवरून त्याला कळवलं, "ये की रं रविवारी. बघ सरनं काय बांधलंय."

दादा सकाळीच मोटारसायकलवर आला, हुरड्याची कणसं घेऊन. शेकोटीभोवती एक फेरी मारली.

"सिमेंट लावलास व्हय? विस्तवाला माती लागती रं मास्तर. तडकंल बघ."

"बघू."

"आन् वारं कुठून घेणार ह्ये? नाक दाबल्यावानी केलंयस की." त्यानं माझी हातोडी मागितली आणि खालच्या थरातली एक वीट दोन ठोक्यांत मोकळी करून काढली. जाळ भस्सकन वर आला.

"हां! ह्याला म्हणतेत शेकोटी!" आबा म्हणाले.

माझे तीन रविवार, त्याचे दोन ठोके. त्या क्षणी मला दादा समोर नको होता. माझ्या विटांची ऊब आता त्यालाही लागणार, मला नाही — हे मी बसून बघायचं.

हुरडा खाऊन झाला. ऊन वर आलं नव्हतं. आबांनी उबेनं मफलर काढला, स्वेटरची बटणं सोडली आणि बसल्या बसल्या डोळा लागला त्यांना. दादा मात्र हात चोळत होता. मग गुडघ्यांत घातले. मग त्यानं टोपी कानांवर ओढली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. गाडीवर अंग गारठलं जरा."

त्याला येऊन तास झाला होता. मी आत जाऊन थर्मामीटर आणला आणि त्याच्या स्टुलाला बांधला. दहा मिनिटं थांबलो.

पंधरा.

खोटं कशाला लिहू — मला आधी आनंद झाला. भीती नंतर वाटली. मी दादाला माझं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मला वाटलं होतं तो हसेल.

तो हसला नाही. आबा झोपलेत याची खात्री करून हळू आवाजात म्हणाला, "तू पास झालास तवा आबांनी गावभर पेढे वाटले. म्या बांधलेल्या पहिल्या भिंतीला त्यांनी हात लावून बघितला न्हाई. आजबी रोज शेकोटीला बसलं की तुझंच. लहानपणी तू कसा बोलायचास, कुठं पडलास... म्याच काढतो त्या गोष्टी, कारण त्याबिगर ते हसत न्हाईत." मग जाळाकडे बघत म्हणाला, "लई जळतंय रं मास्तर माझं. तुझ्यावर."

मी वीस वर्षं जे फोनवर ऐकून जळत होतो, ते हे होतं.

आबा जागे झाले. "आरं, हिकडं सरका की दोघं. हितं ऊब हाय." आम्ही आज्ञेप्रमाणे सरकलो. सरकताच आबांनी मफलर परत गुंडाळला आणि म्हणाले, "हे काय रं, इझली का काय?" जाळ तर चांगला गुडघ्याएवढा होता. आम्ही दोघं एकदम उठलो आणि समोरच्या बाजूला जाऊन बसलो.

निघताना दादा म्हणाला, "संक्रांतीपतूर ऱ्हाऊ दे आबांना हितं." आबाही हो म्हणाले. मला इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या आशेनं थर्मामीटर बांधला. माझ्या बाजूला चौदा होते.

एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, उपकरण तपासा. तपासलं, शाळेत उकळत्या पाण्यात बरोबर चालतं. सिमेंट तडकलं, मी ते काढून माती लावली, तरी फरक नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळ्यांना ऊब लागते. आमच्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा.

एक प्रश्न मी स्वतः विचारू शकलो असतो. आबा माझ्याकडे होते त्या दिवसांत दादाला त्याच्या अंगणातल्या शेकोटीची ऊब लागत होती का? रोज फोन व्हायचा आमचा. मी ऊस कारखान्याला गेला का ते विचारलं, पाण्याचं विचारलं, वहिनींच्या गुडघ्याचं विचारलं... ते मात्र अजून विचारलेलं नाही.