देण्याघेण्याच्या साड्या

कपाट उघडलं की साड्या अंगावर पडायच्या, आणि तरी मला कामावर नेसून जायला साडी नव्हती. हे मी बोलले की घरातले पुरुष हसायचे. बायकांचं नेहमीचंच, म्हणायचे. हसा मेल्यांनो! त्या कपाटातलं एक दिवस नेसून रोह्याला जायला लागलं असतं, तर दुपारीच बोंबलत परत आला असतात.

त्या होत्या देण्याघेण्याच्या साड्या. ज्यांच्या घरात हा प्रकार नाही ते भाग्यवान. लग्नात, मुंजीत, बारशाला, डोहाळजेवणाला ओटीत घालायची साडी ती ही. घेणारी ती जन्मात नेसणार नाही हे देणारीला ठाऊक असतं, आणि देणारीलाही ती कुणीतरी अशीच दिलेली असते. हातोहात फिरत राहते. नियम एकच, घडी मोडायची नाही. घडी मोडली, म्हणजे एकदा का कुणी नेसली, की ती फिरवता येत नाही. रंग तर असे की त्या रंगाचं फूल नाही, फळ नाही, पाखरू नाही. कापड गुळगुळीत, खडखडीत, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारं आणि थंडीत चटचट वाजणारं. नुसता हात फिरवला तरी माझे दात शिवशिवायचे.

आमच्या सासूबाई गागोद्याकडच्या, शेतावर वाढलेल्या. वाया काही जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा धर्म. नव्या साडीचा विषय काढला की कपाटाकडे बोट.

"नेसायला नाय म्हणतेस? कपाट फुटाया आलाय गो! आधी ह्या संपव, मग नवीन घे."

आता ह्या संपवायच्या कशा? नायलॉनची साडी संपत नाही. नेसणारी संपते.

मी तेव्हा पेणहून रोज रोह्याला जायचे. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. खाली प्लँटमधून बाटल्यांत नमुने यायचे, ते तपासून आकडे द्यायचे, हे माझं काम. काम मला आवडायचं, ते स्पष्ट सांगते, नाहीतर लोकांना वाटतं बाई नाइलाजानं जात होती. नाइलाज काही नव्हता. नवरा धरमतरला जेटीवर नोकरीला होता, घर चाललं असतं. पण बी.एस्सी. मी काय पापड लाटायला केलं होतं?

वास मात्र भयंकर. कांदा सडून त्याला पाणी सुटावं आणि त्यात कुणी ओल्या काडेपेट्या बुडवून ठेवाव्यात, तसा. कंपनी वरून सुती अ‍ॅप्रन द्यायची, तो गुडघ्यापर्यंत. खाली निऱ्या उघड्या, पदर अ‍ॅप्रनमध्ये कोंबलेला, आणि सगळं नायलॉन. ह्या कापडाला पाणी लागत नाही, घाम लागत नाही, पण वास असा धरून ठेवतं की सोडतच नाही. परतीच्या एस्टीत माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. उभी राहतील माणसं, पण बसणार नाहीत. एकदा नागोठण्याला एक म्हातारी चढली, बसली, नाक मुरडलं आणि ओरडून कंडक्टरला म्हणाली, "कोंबडी मेलीय काय रे गाडीत?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. शी! आजही ते आठवलं की अंग आक्रसतं.

हेही सोसलं असतं. पण घरी अडीच वर्षांची मुलगी होती.

दिवसभर आजीकडे राहायची, आणि संध्याकाळी मी दारात दिसले की नाकावर हात ठेवायची. "घाण! आई घाण! जा!" मी आंघोळ करायचे, केस धुवायचे, चिकणी सुपारीसारखी स्वतःला घासायचे, पण तोवर ती आजीच्या कडेवर पेंगलेली असायची. हात पुढे केले की मान फिरवायची. सासूबाई काही वाईट नव्हत्या, पण तोंडाला फडकं नव्हतं.

"पोर जवळ येईना आईच्या, तर ती नोकरी कशापायी गो? पावसाळ्याच्या आत सोडून दे. मी सांगते त्याला."

आणि खरंच त्यांनी सांगितलं. नवरा मला म्हणाला, आई म्हणते त्यात तथ्य आहे. म्हणजे काय, तर दोन महिने. तोवर पोरगी माझ्याकडे आली तर ठीक, नाहीतर राजीनामा. पोरीच्या नाकावर माझी नोकरी ठरणार होती.

लॅबमध्ये रोह्याचीच एक मुलगी होती, लग्न न झालेली. ती सुती पंजाबी ड्रेस घालायची, आणि एक जोड कंपनीच्या कपाटातच ठेवायची. सकाळी आली की बदलायची, जाताना परत बदलायची. सुती कापड रोज धुतलं की वास जायचा. ती मला म्हणाली, "मॅडम, दोन सुती जोड शिवा नि सुटा." इतकं सोपं! माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. घरी येऊन सांगितलं, तर जणू मी चड्डी घालून स्टँडवर उभी राहणार होते.

"लेंगा घालून? लग्न झालेली बाई? पेणात? नि त्या कपाटातल्या साड्यांचं काय करू, लोणचं घालू?"

बरं, सुती साड्या घेते, म्हटलं. तर त्यालाही तेच. आधी ह्या संपव. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो पेपरात तोंड खुपसून म्हणतो, आईला विचार. ह्या 'आईला विचार'चा मला साडीपेक्षा जास्त तिटकारा आहे.

आणि गंमत बघा. सकाळी माझ्या बसच्या वेळेला जोह्याकडे जाणाऱ्या बायका स्टँडवर असायच्या, गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाणाऱ्या. त्या साडीवरून सरळ नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवायच्या, बटणं गळ्यापर्यंत लावायच्या, डोक्याला फडकं. कुणी त्यांना एका शब्दानं बोलत नव्हतं. कामाचे कपडे ते कामाचे कपडे. मी पडले शिकलेली, म्हणून मी नीटनेटकं दिसायचं. नीटनेटकं दिसायचं आणि सडक्या कांद्यासारखं वास मारत हिंडायचं!

मग मी साड्याच घालवायच्या ठरवल्या. दुपारची भांडीवाली आली, जुन्या कपड्यांवर पातेली देणारी. तिच्यापुढे अर्धं कपाट ओतलं. तिनं एक साडी दोन बोटांत धरली, चुरगाळून पाहिली आणि परत टाकली. "बाई, पँट असल तर दे. ह्याचं काय करू? पुसायला बी चालत नाय, पाणी नुसतं फिरवतंय." घ्या! जी साडी भांडीवाली चमच्यावर घेईना, ती मी नेसून नोकरी करायची.

तर नेसत राहिले. एके दिवशी त्यातली एक शेवाळी काढली, वर जांभळे ठिपके. नेमकी त्या दिवशी नमुन्याची बाटली कलंडली आणि निऱ्यांवर शिंतोडे उडाले. त्या साडीला जो वास बसला तो बसला. दोनदा धुतली, उन्हात टाकली, वाऱ्यावर टाकली. गार असेपर्यंत बरी वाटायची, ऊन लागलं की परत सुरू. मी ती मागच्या दोरीवर सोडून दिली आणि विसरले. सासूबाई विसरल्या नाहीत. त्यांनी ती काढली, गादीखाली ठेवून घडी बसवली, पुठ्ठा घातला, डांबरगोळ्यांच्या शेजारी कपाटात ठेवली. एकदाच तर नेसली होती! मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

वैशाखात सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, रोह्यालाच. आम्ही सगळे गेलो. मी माझा लग्नातला शालू नेसले होते, कापराच्या वासाचा. मांडवावर पत्रा, खाली माणूस चिकटून माणूस, वर पंखे नुसते हवा ढवळतायत. मुलगी आतल्या खोलीत आजीजवळ झोपली होती.

आणि ऐन पंगतीच्या आधी नवऱ्यामुलाची आत्या रुसली. सगळ्यांना मानाची साडी मिळाली, म्हणे, मलाच नाही. बाई खुर्चीवर तोंड फुगवून बसली, तिच्याबरोबर चार जणी उठल्या, जेवायला कुणी बसेना. नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा आमच्या सासूबाई, पोरीला झोपलेली ठेवून, पिशवी घेऊन पुढे आल्या. असल्या प्रसंगांसाठी त्या नेहमी दोन-तीन साड्या बाळगायच्या. हळदकुंकू लावलं, आणि त्यांनी पिशवीतून काढली ती शेवाळी!

"घ्या विहीणबाई. घडी मोडलेली नाय हो."

मी अडवेपर्यंत ती आत्याबाईंच्या ओटीत पडलीसुद्धा. आत्याबाईंचा चेहरा खुलला. नुसता खुलला नाही, राग गेला हे मांडवभर दिसावं म्हणून त्या आत जाऊन तीच साडी नेसून आल्या आणि पहिल्या पंगतीला मध्यावर बसल्या.

भात वाढून होईपर्यंत घाम आला, आणि वास उठला. आधी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कुणी म्हणालं गटार, कुणी म्हणालं उंदीर मेलाय. एकानं जाऊन आचाऱ्याला झापलं, की कांदे सडके आणले म्हणून. आचारी पळी घेऊन भांडायला बाहेर. आत्याबाई स्वतःच नाकाला रुमाल लावून म्हणतायत, "काय ही व्यवस्था!" सासूबाई त्यांच्या शेजारी वाढायला वाकल्या होत्या. त्यांनी एकदा श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मला हसू येत होतं आणि उलटीही येत होती. भोगा, मनात म्हटलं, एक दुपार तुम्हीही भोगा.

तेवढ्यात मुलगी उठली. झोपेतून रडत मांडवात आली, डोळे अर्धे मिटलेले, सगळीकडे साड्याच साड्या. मी हाक मारत पुढे झाले. ती मध्येच थांबली. रडं थांबलं. नाक वर केलं, वास घेतला, आणि वळली. पंगतीतून, पत्रावळींवरून, सरळ त्या आत्याबाईंच्या पाठीवर जाऊन पडली. गळ्यात हात घातले, पदरात तोंड खुपसलं.

"आई," म्हणाली.

घाण म्हणायची. जा म्हणायची. पण आई म्हणजे तो वास हे तिनं कधीच पक्कं करून ठेवलं होतं. मी तिला उचलून घेतलं. तिनं माझ्या शालूला नाक लावलं, मला ढकललं, आणि किंचाळत दोन्ही हात त्या परक्या बाईकडे पसरले. सगळा मांडव बघत होता. मला त्या साडीची, कंपनीची, माझ्या स्वतःच्या कातडीची किळस आली.

परतीच्या बसला वडखळ आलं. सासूबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "उद्या शिंप्याकडं जा. सुती शिव. लेंगा तर लेंगा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या पोरी जातात काय दुसरीच्या गळ्यात?"

शिवले. तीन जोड, फिके, खिशाचे. खिसा मी मुद्दाम लावून घेतला. दोन कंपनीत ठेवले. स्टँडवर बायका कुजबुजल्या, पुरुषांनी पाहून घेतलं, बाजारात एकीनं सासूबाईंना विचारलंसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "तुला देऊ का शिवून?" नोकरी राहिली. पण सगळं गोड झालं असं समजू नका. पुष्कळ दिवस मुलगी संध्याकाळी जवळ यायची, कुर्त्याला नाक लावायची, आणि काहीतरी हरवल्यासारखी माझ्या तोंडाकडे बघायची. मी कितीही सुखानं मिठी मारली तरी माझ्या अंगावर त्या बघण्यानं काटा यायचा.

ती शेवाळी परत आली. मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हा, नवऱ्याच्या मित्राकडच्या वास्तुशांतीला, हळदकुंकू लावून माझ्या ओटीत पडली. पुठ्ठा नवा, घडी कडक. जांभळे ठिपके पाहताच मी ओळखली. घरी आणली आणि ओट्याजवळ, शेगडीच्या धगीला धरली. आला. तसाच.

मुलगी अभ्यास सोडून दारात आली. नाक चिमटीत धरलेलं.

"ई! आई, कुणाचा वास आहे हा?"

"कुणाचा नाही गं," मी म्हटलं, आणि कात्री मागितली.