पिवळ्या दोऱ्याची ओळ

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. माहेरी कुणाच्या अंगात आलं की मी त्या बाईला चहा विचारायचे... म्हणून हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय. पण आता हसायलाही ताकद लागते, आणि तेवढी उरलेली नाही.

भोकरदनपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. शेतात शेडनेट आहे, त्यात कंपनीसाठी मिरचीचं बियाणं करतो. काम नाजूक — दुपारी कळी उघडून चिमट्याने आतले पुंकेसर काढायचे, दोरा बांधायचा आणि सकाळी तिला दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. कळी राहून गेली तर बी भेसळीचं होतं. प्रत्येक बाईला झाडांची एक ओळ नेमून दिलेली, आणि चूक कुणाची ते कळावं म्हणून प्रत्येकीचा दोरा वेगळा. माझा पिवळा, धाकटी जाऊ मीरा हिचा लाल.

कोरोना झाला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, सगळे म्हणाले सुटलीस. कसली सुटतेय! एक कळशी उचलली की दिवस संपतो. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "व्हायरलनंतर काही जणांना राहतं असं. आराम करा." आराम! या हंगामात मी दोनदा साफ न केलेल्या कळ्यांना दोरा बांधला. आमचे हे म्हणाले, "आता एक बी चूक झाली तं तुझी ओळ मीराला देऊ." ओळ गेली असती तर मी घरात नुसती पडून राहणारी बाई झाले असते. ते मला नको होतं.

पोळ्यानंतरची गोष्ट. त्या दुपारी ओळीच्या तोंडाशीच पाय गळाले. दोऱ्याचं रीळ कमरेला खोचलं आणि दोनच्या सुमारास कुणाला न सांगता घरी येऊन, ते उशाशी ठेवून पडले. सासूबाई उंबऱ्यात डाळ निवडत होत्या. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ओळ तशीच राहिली म्हणून रडू आलं, आणि ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी जाऊन बघते तर... अख्खी ओळ झालेली! प्रत्येक कळी साफ, प्रत्येकीला पिवळा दोरा. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडते. ह्या गाठीही उलट्याच.

मीराला विचारलं तर ती माझ्याकडेच बघत राहिली. "ताई, तुमीच तं करून राह्यल्या व्हत्या की! मी दोनदा हाक मारली, तुमी वर बी पाह्यलं न्हाई. मला वाटलं राग आला."

घरी ह्यांच्यासमोर विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काय बी! मी दारातून हलले न्हाई. ही गाढ झोपली व्हती, पांघरूण टाकाया तेवढी मीच उठले."

घराला दार एकच. रीळ माझ्या उशाशीच होतं, पण त्यात आधी दोरा किती होता ते मी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी लिंबू उतरवून टाकलं. ह्यांनी गोळ्या बदलून आणल्या. ओळीत एकही चूक निघाली नाही, त्यामुळे ती माझ्याकडेच राहिली.

खरं सांगू? भूत असेल तर मला चालेल. कुणी येऊन माझं काम करून गेलं, त्याचे उपकारच. पण ती मीच असेन तर — मग त्या चार तासांतलं मला काहीच कसं आठवत नाही? ह्याची जास्त भीती वाटते.

आता रोज संध्याकाळी सासूबाई विचारतात, "दुपारी घरीच व्हती ना गं?"

मी म्हणते, "तुम्हीच सांगा."