चांगुणाच्या गालातली काडी

चांगुणाचा आवाज सुटला की ओढ्यापलीकडचे बैल कान टवकारतात, असं तिचा नवरा पिराजी सांगायचा. चांगुणा म्हणायची, "बैलच का? सरपंचबी टवकारतेत." सोलापूरकडच्या वाशी गावाच्या आसपास चौदा एप्रिलची जयंती तिच्या भीमगीतांशिवाय पार पडत नसे.

तिच्या गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना धुरळ्यानं गळा बसला, तेव्हा शेजारच्या बनाबाईनं ती हातावर ठेवली होती. "चघळ, चांगुणे. पोटाला सुकडी, गळ्याला ही." दुष्काळ गेला, काडी राहिली.

दहा-अकरा वर्षांनी डोकं मागून ठणकू लागलं. एकदा गाण्याच्या तालमीतच नाकातून रक्ताची धार लागली, तसं पिराजीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, पारा बघितला, पुन्हा बघितला.

"बाई, एवढ्या प्रेशरवर तुम्ही उभ्या कशा?"

"उभी काय, गातेबी म्या."

एक गोळी झाली. मग दोन. मग तिसरी, लघवी जास्त होण्याची. मीठ सोडलं, लोणचं सोडलं. पारा हलेना. उलट पायांतलं बळच गेलं. उंबरा ओलांडताना मांडी हातानं उचलावी लागे. उजव्या डोळ्यापुढं सारखा एक डाग नाचे. आवाज जड झाला, म्हणून ती दिवसाला एकीऐवजी दोन काड्या चघळू लागली.

"गोळ्या खाता, की कोंबड्यांना घालता?" एकदा डॉक्टर चिडले.

"कोंबड्या मेल्या असत्या, साहेब."

पण शब्द लागला. आठवडाभर रोज दवाखान्यात जाऊन ती त्यांच्यासमोर गोळ्या गिळून आली. पारा तिथंच. डॉक्टर ओशाळले. "तुम्ही खरं बोलता, बाई. पण गाणं बंद करा. डोक्यातली नस फुटली तर तोंड वाकडं होईल, वाचा जाईल. सोलापूरला जाऊन दाखवा."

पिराजी सहकारी पाणीपुरवठा सोसायटीचा पंप चालवायचा. वाटेत तो त्याच भाषेत म्हणाला, "पायपात दाब चढला की म्या व्हॉल्व्ह सोडतो. तुजा व्हॉल्व्ह कुठं हाय, त्येच कळंना."

"तुमचा पायीप फुटला तर सोसायटी नवा आनती, अवो. माज्या गळ्याची सोसायटी न्हाय."

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई महादेवी. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. आतल्या बारीक नसांतून रक्त झिरपलं होतं. इतकी वर्षं जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड झाली होती. मूत्रपिंडांवर ताण होता. आणि रक्तात पोटॅशियम, म्हणजे स्नायूंना बळ देणारा क्षार, फारच कमी.

"तंबाखू?"

"न्हाय."

"मिश्री? दारू?"

"बाई, दारूबंदीची गानी म्हनते म्या!"

"गाता? मग म्हणा की एखादं."

चांगुणाला एवढंच हवं होतं. तिनं कमरेची चंची सोडली, काडी काढली आणि गालात सारली.

"थांबा. ते काय?"

"ज्येष्ठमध."

"रोज?"

"झोपंत तेवढा न्हाय."

"अहो, मग काय-काय खाता विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"ह्ये का खानं हाय? ह्ये गळ्याचं हाय."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं टेकल्या आणि हसल्या. "खोकल्याला चार दिवस थोडी चघळली तर बिघडत नाही. तुम्ही तर वर्षानुवर्षं रानच चघळलंय! ही अंगात मीठपाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर घालवते. त्यात ती लघवीची गोळीही तेच घालवते, म्हणून पाय गेले. आमच्या गोळ्या बाहेरून दार ढकलतात, आणि ही काडी आतून कडी लावून बसलीय."

"काडी न्हाय, तर गळा न्हाय, बाई."

"काडी राहिली, तर चांगुणा नाही."

चांगुणानं गालातली काडी काढून चंचीत टाकली. मग चंचीच शेजारी उभ्या पिराजीच्या हातात कोंबली. "धरा. रडून मागितली तरी देऊ नका."

त्यानं दिली नाही. शिव्या मात्र पोटभर खाल्ल्या. काही आठवड्यांनी पारा उतरला, पाय चालू लागले. तीन गोळ्यांची एक झाली. डोळ्यातला डाग थोडा राहिला. हृदयाची भिंत पूर्ववत व्हायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गायला मात्र त्यांनी मोकळीक दिली.

जयंतीला चौक भरला. पेटीवर बलभीम. चांगुणा उभी राहिली, जीभ सवयीनं गालात काडी शोधून रिकामी परतली. पहिली ओळ वर चढली आणि टोकाला फाटली.

मागून कुणीतरी ओरडलं, "चांगुणाबाई, संपलं का काय?"

पुढं बसलेल्या पिराजीचा हात खिशातल्या चंचीवर गेला. चांगुणानं ते बरोबर पाहिलं. "हात काढा बाहीर!" लोक हसले. तिनं तांब्यातलं पाणी घोटभर प्यायलं. "बलभीम, पट्टी दोन घरं खाली घे."

"आक्का, तुमी कधी खाली गात न्हाय."

"आता गाते."

ह्या वेळी आवाज गळ्यातून नाही, पोटातून आला. पहिल्यापेक्षा रुंद, थोडा खरबरीत, पार ओढ्यापर्यंत पोचणारा. गाणं संपलं तसा मघाचाच माणूस उभा राहून टाळ्या पिटू लागला.

"बस खाली," चांगुणा म्हणाली. "आत्ता कुठं सुरू झालंय."