देठापासूनचे तास

“कधी उतरला? आणि किती तासांचा?” आंब्याच्या पेटीत पहिले फळ ठेवण्याआधी तो एवढेच विचारीत असे. रत्नागिरीत पेट्या भरणारे पुष्कळ. तुम्हीही पाहिले असतील. बहुतेकांचे लक्ष रंगाकडे. हा फळ उलटे धरून देठाशी नाक नेई आणि डोळे मिटून घेई.

त्याच गोदामात मी वही लिहीत असे. आंबा झाडावरून कोणत्या दिवशी उतरवला, त्याची नोंद माझ्याकडे. मी तारीख वाचली की मात्र तो न हुंगताच भरू लागे. “अण्णांनी सांगितलानी, झालं,” माझ्याकडे बोट करून म्हणे.

विमानात तो कधी बसला नाही. माझ्या मुलीला टोरांटोला पेटी पाठवायची होती, तेव्हाही त्याने वाटेचे तास विचारले.

“पंधरा-सोळा,” मी म्हणालो.

“ते विमानाचे. आंब्याचे तास देठ तुटल्यापासनं. इथनं मुंबई, मग विमानतळावर पडून राहणं, तिकडं उतरून तिच्या दारात जाणं. शनिवारी उघडायला सांगा. आधी उघडलीन तर माझं नाव जाईल.”

मुलीने शनिवारी उघडली. फोनवर ती खातच होती.

पुढे मालकांचा पुतण्या कारभार पाहू लागला. ट्रक नादुरुस्त झाल्याने टोरांटोचा माल चार दिवस पडून राहिला, तेव्हा त्याने मला वहीत कालची तारीख घालायला सांगितली. फोन माझ्या नाकासमोर धरला. “बघा, मुंबई-टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर. पंधरा तास! पंधरा तासांत काय मरतोय आंबा?”

मी तारीख घातली.

“कधी उतरला?” पेटीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले.

“काल.”

हातातले फळ त्याने क्षणभर तोलले. माझ्याकडे पाहिले. मग ते पेटीतल्या गवतात ठेवले.

आठवड्याने तिकडून फोटो आले. देठाशी काळे पडलेले, पाणी सुटलेले, एकमेकांना चिकटलेले आंबे. फोटोला वास नसतो.

पुतण्या सर्वांदेखत ओरडला, “म्हातारबा, नाक गंजलंय तुमचं! उद्यापासून येऊ नका.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी वहीचे पान उलटले. बसायचा पाट उचलून तो निघून गेला.

पुतण्याची किळस मला आजही येते. परंतु तो निदान ओरडला तरी. मला अधिक किळस त्या तारखेच्या अक्षराची. फार सुबक आले होते.

गेल्या श्रावणात म्हातारा वारला. त्याआधीच्या मोसमात मी घरचे तीन डझन आंबे घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. मुलीसाठीच. तो अंगणात त्याच पाटावर बसला होता. त्याने गवत मागवले, पेटी पुढे ओढली.

“किती तासांचा?”

“टोरांटोचा.”

“कधी उतरला?”

“काल सकाळी,” मी म्हणालो. ते खरे होते.

त्याने मान डोलावली. पहिले फळ उचलले, उलटे धरले आणि देठाशी नाक नेले. मग दुसरे. मग तिसरे. मी उभा होतो. छत्तीसच्या छत्तीस फळे त्याने हुंगली, आणि मगच भरायला घेतली.